आपला शंख

शुक्रवार, फेब्रुवारी १९९१. डोंबिवली

डोकं फिरलंय. लिहून टाकते.

आम्हाला यंदा निर्जन बेटावर अडकलेल्या मुलांची इंग्रजी कादंबरी आहे. तिच्यात शंख ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. वैदेही, अकरावीपासूनची माझी मैत्रीण, म्हणाली, आपण चौघीही अभ्यासाला असंच करू. शंख माझा. मामाच्या जाळ्यात आलेला, कडेला टवका उडालेला. महिनाभर पिशवीत घालून मानपाड्याला तिच्या गच्चीवर नेतेय. त्या शंखाचा अर्थ काय, तो शेवटी का फुटतो, सगळं बाकी तिघींना मीच समजावलं.

आज जिना चढताना वरून वैदेहीचा आवाज आला, "आपला शंख आला नाही गं अजून?"

मी धापा टाकत वर पोचले. "आणलाय ना!"

कोणी हसलं नाही. तिघींतल्या शुभाने ओढणी तोंडाला लावली, वैदेही लालेलाल. तेव्हा कळलं.

मठ्ठ माणसाला शंख म्हणतात, त्याचं काही नाही. आईसुद्धा चिडली की म्हणते. पण "आपला"? म्हणजे नाव जुनं आहे. रोज मी पिशवीतून तो काढायचे, तेव्हा एकमेकींकडे बघायच्या?

"अगं, तसं नव्हतं गं," वैदेही म्हणाली.

मी शंख हातात घेतला. नियमाप्रमाणे तिघी गप्प झाल्या. आणि माझ्याच तोंडून शब्द फुटेना.

पुस्तकातल्या शंखाचे तुकडे होतात. माझा तेवढ्याच टवक्यानिशी घरी आला. आईने आत्ताच तो पुसून उद्यासाठी पिशवीत ठेवला.