पट्टीश्वरमची खोली

कुंभकोणम्,
१४ डिसेंबर

प्रिय वाणी,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू ओळखलं असशीलच. अप्पांनी आपल्याला रोज संध्याकाळी पाटीवर बाळबोध गिरवायला लावलं, तेव्हा तू किती रडायचीस! शाळेत तमिळ, रस्त्यावर तमिळ, मग ही अक्षरं कुणासाठी, असं तू विचारलं होतंस आणि अप्पांना उत्तर सुचलं नव्हतं. आता मला ते सुचतं आहे, पण ऐकायला अप्पा नाहीत. मला जे लिहायचं आहे ते तमिळमध्ये लिहवणार नाही, आणि फोनवर तर मुळीच बोलवणार नाही. तुझे यजमान सेल्वराज गेले तेव्हा मी तुला फोन केला होता, आठवतं? दोन मिनिटं नुसता खोकत राहिलो आणि ठेवून दिला. त्या खोकल्याची मला अजून लाज वाटते.

आधी मुद्द्याचं सांगतो, नाहीतर कॉलेजातली पस्तीस वर्षांची सवय उसळून येईल आणि मी प्रस्तावनेतच तास संपवीन. आईला तुला भेटायचं आहे. तिचं वय आता पंच्याऐंशी. हृदय थकलं आहे आणि पावलांना सूज असते. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षीचं काही ठरवू नका. म्हणून पोंगलनंतरचे चार दिवस मी नक्की केले आहेत. तेव्हा हवा बरी असते, कापणी उरकलेली असते आणि देवळातली गर्दीही ओसरते. तू कोईमतूरहून सकाळच्या गाडीने निघ, दुपारी इथे उतरशील. स्टेशनबाहेर अरुणकुमार नावाचा गृहस्थ तुझी वाट बघत असेल. मोठ्या मिशीचा, पन्नाशीला आलेला, फार न बोलणारा. तो तुला आमच्या घरी आणणार नाही. पट्टीश्वरमच्या अलीकडे, पाटाच्या काठी त्याचा मुक्काम आहे, तिथे घेऊन जाईल.

हा मुक्काम मी आधी फोनवरच्या चित्रांत पाहिला. खाली लिहिलं होतं, अस्सल ग्रामीण राहणी. मला हसू आलं. माडाच्या झावळ्यांचं छप्पर, शेणानं सारवलेली जमीन, काथ्याची बाज, विहिरीचं पाणी. या सगळ्यातून सुटायला आपण शिकलो-सवरलो, आणि आता बंगलोरचे लोक मुद्दाम सुट्टी काढून तेच अनुभवायला येतात. पण प्रत्यक्ष जाऊन पाहिल्यावर माझी कुचेष्टा जिरली. चारच खोल्या आहेत, एकमेकींपासून लांब. मागे कापलेल्या भाताच्या रानात बदकं सोडलेली असतात. आपल्या खोलीला मोठी पडवी आहे, तिच्यावर सकाळभर ऊन असतं, आणि न्हाणीघर तिथेच आहे, एक पायरीसुद्धा नाही. ते मी तीनदा तपासलं. दोन बाजा शेजारी-शेजारी लागतात. कॉफी पितळेच्या पेला-डबऱ्यातच देतात, आणि रविवारी इडलीबरोबर मुगडाळ-बटाट्याचा कडप्पा करतात, तुला हवा तसा पातळ. हो, 'आपल्या खोलीला' असं लिहून गेलो. ती खोली तुझी आणि आईची. आई तिथे तुझ्याबरोबर राहणार आहे.

मी तिला म्हटलं होतं की जे झालं ते झालं, वाणीला सरळ घरी आणू. ती पूजेतला दिवा पुसत होती, पुसतच राहिली. मग म्हणाली की ज्या घराने तिला मेलेली ठरवलं, त्या घरात तिला पाहुणी म्हणून बोलवायचं कोणत्या तोंडाने? आणि मग आपल्या आजीच्या वेळच्या बोलीत, जी आता ती फक्त थकल्यावर बोलते, म्हणाली, "मज तिकडे नेऊन सोड." तू असशील तिथे, असा तिचा अर्थ; पण कोईमतूरचा प्रवास तिला झेपणार नाही, म्हणून मी इथेच जवळ खोली शोधली. अठ्ठावीस वर्षांत तिने तुझं नाव माझ्यासमोर काढलं नव्हतं. मला वाटायचं, ती अप्पांच्या बाजूची आहे. किती मूर्ख आहे मी वाणी, चूल सांभाळणारी बाई गप्प बसली की ती बाजू घेते असं आपण धरूनच चालतो. परवा तिने कपाटातून एक पिशवी काढली. आत दोन सुती साड्या, तुझी लहानपणची चांदीची वाटी आणि डांगराच्या पिठाची पुडी. दह्यात कालवलेली डांगर-पच्चडी तुला आवडायची, ते तिच्या लक्षात आहे. पिशवी आता दाराशी ठेवलेली असते. जानेवारीला अजून महिना आहे असं म्हटलं की ती मला म्हणते, तू तुझं काम कर.

आता खोली अजून पक्की का झालेली नाही, ते सांगतो. इथून पुढचं सावकाश वाच.

तुझ्या जातीबाहेरच्या लग्नाची बातमी तिरुविडैमरुदूरला, आपल्या गावच्या घरी पोचली, त्याच्या नवव्या दिवशी अप्पांनी भाऊबंद बोलावले. तंजावरपासून मायवरमपर्यंतचे सगळे आले. आपल्या लोकांत कुणीही तो विधी पाहिलेला नव्हता, अप्पांनी जुन्या पोथीतून काढला. कुळातलं माणूस जिवंत असताना कुळातून घालवायचं असेल, तर संध्याकाळी घराबाहेर दक्षिणेला तोंड करून बसायचं, पाण्याने भरलेली घागर मध्ये ठेवायची आणि घरच्या दासीने ती पायाने उलथायची. पाणी वाहून गेलं की ते माणूस मेलं. त्यानंतर त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या हातचं घ्यायचं नाही. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. मला हे सगळं हास्यास्पद वाटत होतं आणि मी हसलो नाही. सोवळं नेसून अप्पांच्या उजव्या हाताला बसलो. कुणी विचारलंच तर सांगायला कारण तयार ठेवलं होतं, अप्पांना रक्तदाब आहे, त्यांच्या कलाने घेतलेलं बरं.

दासी म्हणजे आपल्याकडे कोण? नागलक्ष्मीच. आईच्या बाळंतपणात तुला पहिल्यांदा न्हाऊ घालणारी, तुला कडेवर घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत पोचवणारी. विहिरीवरून घागर तिनेच भरून आणली होती, कशासाठी ते तिला ठाऊक नव्हतं. अप्पांनी सांगितलं तेव्हा तिने आधी नीट ऐकून घेतलं. मग पदराने हात पुसले आणि तीस माणसांसमोर म्हणाली की या पायांनी मी त्या पोरीला शाळेत नेलंय, त्यांना हे जमायचं नाही. अंगणाचं दार उघडून ती गेली. पंचवीस वर्षं त्या घरात राबलेली बाई, पुन्हा आली नाही.

सगळे थांबले. अंधार पडत चालला होता आणि मुहूर्त टळत होता. एक काका म्हणाले, राहू दे. तू हे लक्षात घे वाणी, कुणीतरी राहू दे म्हणालं होतं. मला वाटतं अप्पांचाही धीर सुटत होता. अजून पाच मिनिटं कुणी काही केलं नसतं तर लोक उठून पानावर बसले असते. मी उठलो. डाव्या पायाने घागर उलथली. अप्पांनी मला सांगितलं नव्हतं. मला ते ताटकळणं सोसेना, लोकांसमोर अप्पांचा अपमान होतोय असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर तुझा राग आला होता. तू हवं ते केलंस आणि मी नाही करू शकलो, याचा राग. पाणी माझ्या पायावरून गेलं. माघातलं पाणी, गार होतं.

पुढचं तुला माहीत आहे, पण चुकीचं माहीत आहे. वर्षभराने तू बूथवरून कॉलेजात फोन केलास. तुला कुणीतरी त्या संध्याकाळबद्दल सांगितलं होतं, पण कुणी केलं ते सांगितलं नव्हतं. तू विचारलंस, अण्णा, घागर नागलक्ष्मीने उलथली का? स्टाफरूममध्ये माणसं होती. मी हो म्हटलं. तू फोन ठेवलास. एक शब्द, आणि तो मी सत्तावीस वर्षांत परत घेतला नाही. आईलाही ठाऊक नव्हतं, ती तेव्हा आतल्या खोलीत कडी लावून बसली होती. विधी उरकला एवढंच तिला कळलं. गेल्या महिन्यात मी तिला सगळं सांगितलं. त्या रात्री तिने मला जेवायला वाढलं नाही, माझं मी घेतलं.

गेल्या महिन्यातच का सांगितलं? कारण तो मुक्काम बघायला गेलो तेव्हा पडवीत एक म्हातारी शेवग्याचा पाला निवडत बसली होती. अरुणकुमार हा नागलक्ष्मीचा मुलगा. आखातात वीस वर्षं राहून आला, आईच्या नावावर जमीन घेतली आणि या खोल्या बांधल्या. मला हे काही माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तर मी गेलोच नसतो. तिने मला लगेच ओळखलं. बसायला चटई दिली, पाणी दिलं. मी वाणीसाठी खोली हवी आहे म्हटलं तेव्हा तिचे हात थांबले. मग तिने मला एक गोष्ट सांगितली. बारा वर्षांनी येणाऱ्या महामहमच्या स्नानाला, गेल्या खेपेस, त्या लाखो माणसांच्या गर्दीत, तळ्याच्या पायऱ्यांवर तू तिला दिसली होतीस, सेल्वराजांबरोबर. ती गर्दी सारत, हाका मारत तुझ्यापर्यंत आली. तू तिच्याकडे पाहिलंस आणि तोंड फिरवलंस. तिला कारण कळलं नाही. आपण घरातून निघून गेलो, तिच्या पाठीशी उभे राहिलो नाही, म्हणून पोरगी रागावली असेल, असं ती इतकी वर्षं समजत होती.

मी तिथे चटईवर बसून तिला खरं काय ते सांगितलं. वाणी, मला वाटलं ती ओरडेल, किंवा रडेल. तिने पाल्याची टोपली बाजूला सारली आणि विचारलं की वाणीला ठाऊक आहे का. मी नाही म्हटलं. मग ती म्हणाली की खोली आहे, सगळ्यांत चांगली आहे, आणि त्या चार दिवसांत ती दुसऱ्या कुणाला देणार नाही. पण, ती म्हणाली, आधी वाणीला लिही. काय केलंस आणि काय बोललास, दोन्ही लिही. वाचून तिने मला फोन केला, तर खोली तिची. तुझ्या सांगण्यावर मी दार उघडणार नाही. एवढं बोलून तिने माझ्यासाठी कॉफी मागवली, आणि मी ती प्यायलो, कारण नाही म्हणायचीसुद्धा माझी पत नव्हती.

त्या पोथीत शेवटी आणखी एक विधी आहे, तो अप्पांनी वाचून दाखवला नव्हता. घालवलेल्या माणसाला परत घ्यायचं असेल तर सगळ्यांनी त्याच्यासह पवित्र तळ्यात स्नान करायचं आणि नवी, पाण्याने भरलेली घागर तळ्यात सोडायची. आईने मला बाजारातून मातीची घागर आणायला लावली. ती पिशवीशेजारी दाराशी ठेवली आहे. तळ्यावर जायचं की नाही, ते तू आणि आई ठरवा. तुला परत घेण्याचा अधिकार मला नाही. गेलीस तर घागर नागलक्ष्मीच्या हाती द्या.

म्हणून हे पत्र. मला उत्तर लिहू नकोस, आधी नागलक्ष्मीला फोन कर. नंबर मागच्या बाजूला मोठ्या आकड्यांत लिहिला आहे. तू तिच्याकडे पाठ फिरवलीस ती माझ्या एका शब्दामुळे, हे तिला आता माहीत आहे, तरी तिला ते तुझ्या तोंडून ऐकायचं असेल असं वाटतं. माझ्याशी बोलली नाहीस तरी मी समजून घेईन. आईला मी रिक्षातून आणीन, पिशवी आणि घागर उतरवून देईन आणि फाटकाबाहेर थांबेन. त्या चार दिवसांत आत ये असं नागलक्ष्मीने मला अजून म्हटलेलं नाही. विचारलं तेव्हा म्हणाली, ते वाणीला विचार.

तुझाच, अजूनही म्हणू देशील तर,
अण्णा