सुबत्तेच्या देवीच्या हातातली काठी

आक्विलेया, गुरुवार दुपार

प्रिय इर्माताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो मी उभ्यानेच घातलाय, तू आडवा समजून घे.) तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला थांबला का? थांबला नसेल तर त्यांना सिगार सोडा म्हणून सांगू नकोस, खोकला सोडा म्हणून सांग. निदान काहीतरी नवीन ऐकल्याचं समाधान मिळेल. मी ठणठणीत आहे. म्हणजे परवापर्यंत होतो, आता माझं काय झालंय ते तूच वाचून ठरव.

काठीची गोष्ट मी तुला फोनवर सांगितली होती, पण तू मटार सोलत 'हो हो' म्हणत होतीस, म्हणून पुन्हा सांगतो. म्हातारे नोटरीसाहेब वारले तेव्हा त्यांची रोमन नाणी मी आणि ओतोरिनोने निम्मी निम्मी विकत घेतली. (ओतोरिनो म्हणजे आपला न्हावी. दुकान बंद केलंय, जीभ चालू आहे.) माझ्या वाट्यात सम्राट गॉर्डियनचं एक चांदीचं नाणं आलं. मागच्या बाजूला सुबत्तेची देवी, एका हातात कणसं, दुसऱ्या हातात धान्याने भरलेलं शिंग. अशी नाणी पैशाला पासरी मिळतात. पण माझ्या देवीच्या कणसांच्या हातातून एक काठी निघून थेट नाण्याच्या कडेपर्यंत गेली होती! मी सगळे ग्रंथ पालथे घातले. देवी डावीकडे बघते की उजवीकडे, सम्राटाच्या मुकुटाची फीत खांद्यावर आहे की पाठीवर, दोन शब्दांत टिंब आहे की नाही, अशा एकेका फरकाचा वेगळा प्रकार धरतात, आणि त्यावर माणसं जन्म काढतात नि त्यांच्या बायका त्यांना सोडून जातात. (माझी गेली नाही, कारण मी केलीच नाही.) काठीवाली देवी कुठेच नव्हती.

आता आमच्या नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाची रीत अशी, की ग्रंथात नसलेला प्रकार ज्याला सापडेल त्याने सगळ्यांना चीज-बटाट्याचा फ्रिको खाऊ घालायचा, आणि त्या प्रकाराला त्याचं नाव मिळायचं. म्हणजे माझ्या आडनावाने 'तोमासीन प्रकार'. ताई, तुझ्यापासून काय लपवायचं? मला ना मूल ना बाळ. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, तर पोरांनी मला फक्त टोपणनावं दिली. आपण गेल्यावर आपलं नाव कुठेतरी, कुणाच्या तरी तोंडी राहील, एवढ्या विचाराने मी न्हाणीघरात जाऊन रडलो.

परवा बैठक भरली. बेकरीच्या वरच्या खोलीत चीज-बटाट्याचा वास दरवळत होता आणि सगळे आपापलं ज्ञान पाजळत होते. एक म्हणाला राजदंड, दुसरा म्हणाला होडीचं वल्हं. ओतोरिनो म्हणाला, "अरे, पोलेंटा ढवळायचा दांडका आहे तो! देवी झाली म्हणून काय, स्वयंपाक चुकतो का?" मी भाषणाचा कागद खिशात चाचपत बसलो होतो. तेवढ्यात संग्रहालयातल्या क्लेलियाबाई आल्या. त्यांनी नाणं पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि ओतोरिनोला त्याच्या वाट्यातले सगळे गॉर्डियन काढायला लावले. त्यातली दोन नाणी निवडून त्यांनी माझ्या नाण्याशेजारी ठेवली. पहिल्यावर कडेपाशी केसाएवढी रेघ. दुसऱ्यावर ती निम्म्यापर्यंत आलेली. माझ्यावर ती देवीच्या हाताला भिडलेली.

"एजिदियो, ही काठी नाही," त्या हळूच म्हणाल्या. "नाणी पाडायचा ठसा तडकत गेलाय. तिन्ही नाणी एकाच ठशाची आहेत."

ताई, मला आधी वाईट वाटायला हवं होतं. ते वाटायला जागाच उरली नाही. मी त्या तीन नाण्यांकडे बघत राहिलो आणि अंगावर काटा आला. रोममध्ये कुणी एक माणूस ठशावर हातोडा घालत होता. हे नाणं आधी, हे नंतर, हे त्याच्याही नंतर. त्याने तडा पाहिला असेल, शिवी हासडली असेल, मुकादमाच्या भीतीने तसाच घाव घालत राहिला असेल. सम्राट गेला, साम्राज्य गेलं, त्या माणसाचं नाव तर कुणी विचारलंही नाही. आणि त्याच्या एका घावापासून दुसऱ्या घावापर्यंत तडा किती सरकला हे मी, आक्विलेयातला एक रिकामटेकडा मास्तर, डोळ्यांनी बघतोय! आपण इतके क्षुद्र आहोत आणि तरीही आपल्याला एवढं दिसू शकतं, हे काही माझ्या डोक्यात मावेना. खाली फ्रिको गार झाला तरी कुणी उठलं नाही. (आपल्या फ्रिऊलीत याला चमत्कार म्हणून नोंदवायला हरकत नाही.)

शेवटी ओतोरिनो पाठीवर थाप मारत म्हणाला, "जाऊ दे रे. तड्यालाच तुझं नाव देऊ. तोही म्हातारा, तूही!"

सर्वांना नमस्कार. भावजींना माझ्यातर्फे रागव.

तुझा,
एजिदियो

ता. क. उदीनेच्या चुलत भावंडांना काठीचं काय झालं ते कळवू नकोस. त्यांच्याकडून अभिनंदनाची वाईन येऊन गेली आहे आणि ती मी प्यायलो आहे.

ता. क. दुसरा. खरं तर पत्र याचसाठी लिहायला घेतलं. आमच्या रांगेतली पहिली जागा रिकामी आहे, म्हणजे तडा जाण्याआधीचं नाणं. तुझ्या नातवाच्या बाप्तिस्म्याला मी जे दिलं ना, ते त्याच वाट्यातलं, तीच देवी. काठी नाही म्हणून मला ते साधं वाटलं होतं. ते जपून पोस्टाने परत पाठवशील का? पोराला चांदीचा चमचा पाठवतो. नाणं काय, चमचा काय, तो तोंडातच घालणार.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तोच ओतोरिनोने पत्र वाचलं (तो सगळ्यांचीच वाचतो) आणि माझ्यावर ओरडला, "लाज नाही वाटत? ज्या पोराला तुझं नाव ठेवलं त्याच्याचकडून नाणं काढून घेतोस?" मी म्हटलं, कुणाचं नाव? ताई, बाप्तिस्म्याच्या दिवशी ओतोरिनो आत होता, मी मात्र चर्चच्या पायरीवर उन्हात नाणं न्याहाळत बसलो होतो. आत आलो तेव्हा सगळं आटोपलं होतं, आणि तुम्ही सगळे त्याला नुसतं 'पिल्लू' म्हणता. खरंच एजिदियो ठेवलंत? नाणं पाठवू नकोस, त्याचं त्याच्याकडेच राहू दे. रविवारी पहिल्या गाडीने येतो. मी दारात आलो की कुणीतरी त्याला हाक मारा. मला ऐकायचंय.