पाव गोळी

११ जानेवारी
मुलीचा फोन. बटणाला पाळणाघरात जागा मिळाली, सोमवारपासून तिकडेच. बरं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

नात दहा महिन्यांची. चेहरा गोल, डोळे टपोरे, म्हणून ह्यांनी नाव ठेवलं बटण. मुलगी कामाला जायला लागल्यापासून दिवसभर माझ्याकडेच असायची. शिवणाच्या मशीनशेजारी चादर टाकायची, त्यावर ती. मशीन थांबलं की रडायची, चालू झालं की गप्प.

परवा मुलगी संध्याकाळी आली तेव्हा बटण ओरडून ओरडून जांभळं पडलेलं आणि मी खुर्चीत मान टाकून. हलवलं तरी उठेना म्हणे. टाचण्यांची डबी खाली सांडलेली. एक टाचणी तिच्या मुठीत होती.

मला यातलं काही आठवत नाही. सकाळचा चहा आठवतो, मग थेट मुलीचा आवाज.

१२ जानेवारी
"तुझ्या गोळ्या सुटेपर्यंत ती तुझ्याकडे राहणार नाही, आई." एवढंच बोलली. भांडली असती तर बरं झालं असतं.

गोळ्या मी काही चोरून आणल्या नाहीत. कंबर धरली होती, झोप लागत नव्हती, म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लिहून दिल्या. पंधरा दिवसांसाठी! त्याला चार वर्षं झाली. दर वेळी जायचं, झोप नाही म्हणायचं, ते लिहिता लिहिता पुढच्या पेशंटला हाक मारायचे. औषधवाला तर मला पाहिलं की न विचारता वरच्या खणाकडे हात नेतो. आणि व्यसनी मी.

१४ जानेवारी
दीर आले होते. त्यांनी तंबाखू सोडली त्याला वीस वर्षं झाली, पण सांगायचं अजून सुटलेलं नाही. वहिनी, मनावर घेतलं की झालं, मी एका सकाळी डबी फेकली ती फेकली, वगैरे. ह्यांना लगेच पटलं. बोलणं जितकं सोपं तितकं ह्यांना पटतं. सगळी पाकिटं फोडून गोळ्या संडासात ओतल्या, वरून बादलीभर पाणी. मग दोघे भाऊ हात धूत उभे, घरातला उंदीर मारल्यासारखे.

मीही बघत उभी राहिले. अडवलं नाही. मला वाटलं, सुटेलही.

१५ जानेवारी
घाम. सुईत दोरा जाईना.

१६ जानेवारी
डोळ्याला डोळा नाही. मशीन बंद असतानाही कानात चालू. ह्यांनी पाठीवर हात ठेवला तर त्यांच्या अंगावर धावून गेले.

२१ जानेवारी
आज रुग्णालयातून घरी. झटका आला होता. मशीनवरून खाली पडले, जीभ चावली गेली. वॉर्डातल्या डॉक्टरांनी ह्यांना सगळ्यांसमोर झापलं. या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, माणूस जातो, तुम्हाला कुणी सांगितलं हे? ह्यांनी भावाचं नाव घेतलं नाही. माझ्या मनाने केलं, म्हणाले.

दीर भेटायला आले नाहीत. फळं पाठवली.

२४ जानेवारी
व्यसनमुक्ती विभाग. पाटीखालून आत जाताना ह्यांनी मागे वळून पाहिलं, ओळखीचं कुणी आहे का म्हणून. डॉक्टर मुलीच्या वयाची. मला काकू म्हणते. चिडचिड नाही, उपदेश नाही. असल्या माणसासमोर खोटं बोलायला जास्त जड जातं.

दोन रस्ते आहेत म्हणाली. एक, तीन-चार आठवडे दाखल व्हायचं, रात्रंदिवस नर्स असते, झटक्याची भीती कमी. दुसरा, घरी राहून. आहे त्याच तोलाची दुसरी गोळी सुरू करायची, अंगात जास्त वेळ टिकणारी, आणि मग दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी उतरवायची, अगदी पाव पाव गोळी. झटका येऊन गेलाय, त्यामुळे दाखल झालात तर मला आवडेल, असंही म्हणाली. घरी राहायचं तर गोळ्या घरच्या माणसाच्या कुलपात, आणि दर आठवड्याला इथे यायचं.

दाखल करतात तो भाग दाखवला. स्वच्छ आहे. खिडक्या चार बोटं उघडतात. एका बाईने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "तुमची कुठली?" माहेर विचारावं तसं! मी गोळीचं नाव सांगितलं. "हां, ती चिवट," म्हणाली.

घरीच करते म्हटलं. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर अंगावर आहे.

मग तिने विचारलं, रोज किती घेत होता? ह्यांना माहीत असलेल्या वेगळ्या, खऱ्या वेगळ्या. मी खऱ्याच्या दीडपट सांगितल्या.

का? शिवणीच्या आत आपण बोटभर कापड जास्त ठेवतो, माया म्हणतात त्याला. गिऱ्हाईक जाड झालं तर उसवून सैल करता येतं. माया न ठेवता कापणारा शिंपी मूर्ख. आता ही मला कापत कापत खाली आणणार. तर वरून सुरुवात करू दे. तेवढीच जागा राहील.

घरी येताना स्वतःवर खूश होते.

३ फेब्रुवारी
झोपच झोप. जेवताना झोप. गोळ्या हे देतात. कपाटाला कुलूप, किल्ली शर्टाच्या खिशात. गोळी दिली की समोर उभे राहतात. "जीभ वर कर." तीस वर्षांच्या संसारानंतर जीभ वर करून दाखवते आहे.

९ फेब्रुवारी
सुई बोटातून आरपार गेली. दुखलंच नाही. रक्त कापडावर पसरलं तेव्हा कळलं.

गणवेशाच्या गठ्ठ्यात सगळ्या शर्टांना दोन्ही बाह्या डाव्या लावून ठेवल्यात. शाळेचा माणूस हसला आधी. मग हसायचा थांबला. ऑर्डर काढून घेतली.

१० फेब्रुवारी
मुलगी आली. एकटीच. माझं बोट पाहिलं, डोळे पाहिले आणि बापाकडे वळली. बाबा, तुम्ही तिला जास्त देताय का? ती रडते म्हणून देताय का? हे म्हणाले, मी कागदावर लिहिल्याप्रमाणे देतो. ती म्हणाली, मग कमी होतायत की वाढतायत? हे खिशातून कागद काढायला लागले. ती पुढे बरंच बोलली. तुम्हाला घरात कटकट नको असते, आयुष्यभर तुम्ही असंच केलंत, असं काही.

मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.

१३ फेब्रुवारी
सांगितलं. डॉक्टर सारखी कागद बघत होती. एवढी गुंगी यायला नको, म्हणत होती. लिव्हरची तपासणी लिहायला घेतली, तेव्हा तोंडातून निघून गेलं, गोळ्या मी दीडपट सांगितल्या होत्या. हे शेजारीच होते.

तिने पेन खाली ठेवलं. "काकू, इथे येणारा प्रत्येक जण कमी सांगतो. तुम्हीही कमीच सांगितलं असणार म्हणून मी वर आणखी थोडं धरलं." मग कपाळाला हात लावून म्हणाली, तिचंही चुकलंच, परत चुकणार नाही. म्हणजे मी माया ठेवली, तिनेही ठेवली. घालणाऱ्याच्या अंगावर तंबू.

आता नव्याने मापं. लगेच खूप खाली आणता येणार नाही, तेही टप्प्याटप्प्यानेच.

बसमध्ये हे पुढच्या सीटवर जाऊन बसले. घरी येऊन बूट काढले, जागेवर ठेवले. मग म्हणाले, "पोरगी मला बोलत होती तेव्हा तू समोर बसली होतीस."

एवढंच.

२ मार्च
कमी झाली. अंगात मुंग्या. उजेड नको, आवाज नको.

१५ मार्च
पुन्हा कमी. समुपदेशनाला सगळे गोल खुर्च्यांवर बसतात. एक ड्रायव्हर आहे, खोकल्याच्या औषधावर होता. एवढ्याशा बाटलीसाठी बायको गेली, नोकरी गेली, आणि खोकला आहे तो आहेच, असं सांगतो. सगळे हसले. मीही. बऱ्याच दिवसांनी.

७ एप्रिल
मुलगी बटणाला घेऊन आली. दोन तास बसली. मी हात पुढे केले तर बटणाने आईच्या मानेत तोंड लपवलं. ह्यांच्याकडे मात्र गेली. मुलगी म्हणाली, हल्ली नवीन माणसाला घाबरते.

नवीन माणूस!

३ मे
निम्म्याच्या खूप खाली आले. कुणी कौतुक करत नाही. कशाचं करणार? दीर मात्र लोकांना सांगतात, वहिनींना मीच मार्ग दाखवला.

शिवणाची कामं नाहीत. शाळेचा माणूस दुसरीकडे गेला तो गेलाच. शेजारचे पँटचे पाय आखूड करून घेतात, उपकार केल्यासारखे.

२२ मे
पाव गोळी राहिली आहे. डॉक्टर म्हणाली, शेवटची पावलंच जड जातात, घाई करू नका, झोप नाही लागली तर मला फोन करा. किल्ली अजून ह्यांच्या खिशात. जीभ मात्र बघत नाहीत आता.

५ जून
सकाळी कंबर भरून आली. साधं मलम लिहून घ्यावं म्हणून आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. खरंच मलमासाठी. त्यांना काही ठाऊक नव्हतं, मीही सांगितलं नाही. मान वर न करता त्यांनी विचारलं, झोप कशी आहे? म्हटलं, नाही लागत. "मग नेहमीच्या लिहून देतो." लिहिल्या. पुढच्या पेशंटला हाक मारली.

नको म्हणायला तीन अक्षरंसुद्धा लागत नाहीत.

औषधवाल्याने विचारलं, कुठे होता इतके दिवस?

६ जून
पाळणाघर अचानक बंद. मुलगी सकाळीच दारात, बटण कडेवर, पिशवीत दूध आणि कपडे. म्हणाली, बाबा सांगतात तू आता बरी आहेस. आजचा दिवस ठेवशील? हे मागून हसत होते. बटणाने माझ्याकडे हात पुढे केले.

मी म्हटलं, "आज नको. काल मी दोन घेतल्या."

ह्यांचा चेहरा मी पाहिला नाही. मुलीने पिशवी उचलली. जिना उतरता उतरता थांबली, वर बघितलं.

"उद्या परत विचारते," म्हणाली.