एकाच मडक्यातली नाणी

प्रिय पंडिता,

शाळेतलं नाव लिहिलं म्हणून रागावू नकोस. हिचे गुडघे कुरकुरतात आणि त्यांच्याहून जास्त ही कुरकुरते, म्हणजे घरी सगळं ठीक आहे.

मी अजून संग्रहालयात नाणी साफ करतो. सकाळी हात जोडतो, मगच ब्रश उचलतो. गेल्या आठवड्यात कपाट हलवताना एक डबा सापडला. वर माझ्याच अक्षरात ‘खराब’ लिहिलेलं. आत गंजाने एकमेकांना चिकटलेली दोन नाणी: एक इथलं तांब्याचं, दुसरं समुद्रापारच्या राजाचं, चांदीचं.

बावीस वर्षांपूर्वी तू आमच्या संग्रहालयातल्या चांदीच्या नाण्यांवरून भर सभेत सांगितलंस, दूरदेशीचे व्यापारी आपल्या बाजारापर्यंत येत होते. एका विद्वानाने विचारलं, ही परकी नाणी इथल्याच मातीतली कशावरून? कुणा हौशी माणसाने परवा आणली असतील! लोक हसले. तू कागद गुंडाळलेस आणि गावी जाऊन मुलांना इतिहास शिकवू लागलास. मी मागच्या रांगेत मूग गिळून बसलो होतो.

अरे, ती सगळी नाणी एकाच मडक्यात होती. रस्ता खणताना मजुरांना सापडलेलं फुटकं मडकं मीच रिकामं केलं. तेव्हा नवा होतो. वस्तू जिथल्या तिथे हवी, ही आईची शिकवण. म्हणून चांदी एका खणात, तांबं दुसऱ्यात. चांदीवर चढलेला तांब्याचा हिरवा गंज घासून लख्ख केला, खापऱ्या फेकल्या, नोंदीत मडक्याचं नावही घातलं नाही. साहेबांनी पाठ थोपटली. ती थाप जाऊ नये म्हणून सभेत तोंड उघडलं नाही. दोन्ही नाणी शतकानुशतकं एकत्र पुरलेली होती, याला तो गंजच तुझा साक्षीदार होता. ही एक जोडी तेवढी मला सोडवता आली नाही. देवानेच ती माझ्या टापटिपीतून वाचवली.

आता साहेबांना सगळं लिहून दिलंय. ही म्हणाली, झाकली मूठ कशाला उघडताय, नोकरीची नऊ वर्षं उरलीत. मी म्हटलं, मुठीत आहे ते माझं नाही. सोमवारी तज्ज्ञ ती जोडी बघायला येणार आहेत. माझी चूक मी त्यांच्यासमोर सांगेन, पुढे जे व्हायचं ते होवो. पण त्या नाण्यांचा अर्थ सांगणं माझं काम नाही, तुझं आहे. जुने कागद घेऊन ये. माफी इथे मागत नाही. कागदावर ती फार स्वस्तात सुटेल. तू समोर बसलास की मागेन.

वाट पाहणारा तुझाच,
बाकावरचा सोबती