डावी होडी

दि. ४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

गेल्या पत्रात तुम्ही ज्याला खेळणं म्हणून हिणवलंत, तो कॉम्प्युटर तयार झाला. तुम्ही आणि आईने लहानपणी ज्याच्यावर होड्यांची शर्यत खेळलीत, हुबेहूब तसा. फरक एवढाच की आत जुना प्रोसेसर नाही. जिच्यात आपल्याला हवा तो प्रोसेसर रचता येतो, अशी प्रोग्रॅमेबल चिप आहे. जुन्या प्रोसेसरचं माहितीपुस्तक ओळ न् ओळ वाचून मी ती रचली. तुमच्या कॅसेटवरचा खेळ पहिल्या झटक्यात सुरू झाला आणि मी घरभर नाचले. बाबा साक्षीला आहेत.

पण मामा, पुढे घोळ झाला. आई तिच्या नेहमीच्या डाव्या होडीवर बसली आणि बाबांकडून सलग चार डाव हरली. लिफ्टचं बटणसुद्धा चुकीचं दाबणाऱ्या बाबांकडून! तिने तुम्हाला कधी जिंकू दिलं नाही, हे ऐकून ऐकून आमचे कान किटलेत. तेव्हा हसली, पण दुसऱ्याच दिवशी दातांच्या लॅबमध्ये सांगून आली की आजपासून कवळ्या घडवणं बंद. बोटं मंदावली, आता लोकांच्या दातांशी खेळ नको म्हणते. तीस वर्षांत तिची एक कवळी सैल म्हणून परत आलेली नाही! समजावून आम्ही थकलो.

फोनवर हे बोलता येत नाही, कारण आई प्रत्येक फोन स्पीकरवर घेते. तुमचा मूळ कॉम्प्युटर अजून चालतो ना? त्यावर खेळ लावून बघाल का? दोष आईच्या बोटांचा की माझ्या चिपचा, ते तरी कळेल.

लोभ भरपूर आहेच, टोमणे आवरलेत तर आणखी वाढेल.

तुमची भाची

*

दि. ११ मार्च

चि. भाचीबाईस अनेक आशीर्वाद.

पाच दिवस दुकानात गिऱ्हाइकांचे टीव्ही उघडे पडले आहेत आणि मी होड्या पळवतोय. तुझी मामी म्हणते, म्हातारचळ लागला. लागला तर लागला, पण भानगड सापडली.

तो खेळ मी सोळाव्या वर्षी लिहिला. प्रोसेसरला प्रत्येक आज्ञा आकड्यात द्यावी लागे; होड्या हलवण्याचे ते आकडे आधी वहीत मांडायचे, मग एकेक करून टाईप करायचे. त्यात माझा एक आकडा चुकला. त्या आकड्याची आज्ञा माहितीपुस्तकात नाहीच. तुझी चिप पुस्तकाबरहुकूम चालणारी गुणी मुलगी, ती तिथे काहीच करत नाही. मूळ प्रोसेसर मात्र तेवढ्यात एक उद्योग करून ठेवतो: दर आठव्या पावलाला डाव्या होडीला एक पाऊल जास्तीचं देतो. पुस्तक लिहिणाऱ्यांनाही त्याची ही खोड ठाऊक नसावी. म्हणून सांगत होतो, मूळ ते मूळ.

पण आता खरी पंचाईत ऐक. तुझ्या आईची बोटं मंदावलेली नाहीत. ती माझ्या चुकीच्या जोरावर जिंकत होती. हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? बोटांचं दुःख जाईल आणि त्याहून मोठं येईल. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची. प्रोसेसर काय काय करतो ते मोजून सोबतच्या कागदावर लिहिलंय. ती चूक तुझ्या चिपमध्ये जशीच्या तशी घाल. मी येतो आणि बिनबोभाट हरतो. त्याची मला सवय आहे.

असाच जीव लाव आणि हे पत्र फाडून टाक.

तुझा मामा

*

दि. १९ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

घातली चूक. व्यवस्थित चालणाऱ्या वस्तूत मुद्दाम खोट घालायची आणि वर ती खोट नीट चालते ना हे तीन दिवस तपासायचं, असलं काम मी जन्मात केलं नव्हतं. काल रात्री डावी होडी पहिल्यांदा सुटली आणि मला तुमच्या त्या म्हाताऱ्या प्रोसेसरचं प्रेमच वाटलं. पुस्तकात नाही ते त्याच्या पोटात आहे, हे मान्य. तुमचा विजय झाला, मिशीला पीळ द्या.

आईला मी सांगितलंय की एक तार सैल होती. रविवारी जेवायलाच या. फक्त काही झालं तरी उजव्या खुर्चीवर तुम्हीच बसा.

माया आहे ती राहू द्या, आणि अभिनय जरा बरा करा.

तुमची भाची

*

दि. २७ मार्च

ती. दादास,
सा. न.

रविवारी तू एवढा गडबडीने निघालास की चष्मा इथेच राहिला. सोबत पाठवते आहे.

मी उजवीकडे बसायचा हट्ट धरला तेव्हा मामा-भाचीची तोंडं बघण्यासारखी झाली होती. म्हणे तुझा डावा खांदा धरलाय. म्हणे उजवी खुर्ची डुगडुगते. सैल तारेची थाप लेकीने मारली तेव्हाच मला संशय आला होता. सकाळी सगळे उठायच्या आत मी दोन्ही होड्या एकटीने पळवून पाहिल्या. डावी पहिल्यासारखी सुसाट! तुमचं साटंलोटं तिथेच कळलं.

आता खरं सांगते. डावी होडी जास्त पळते, हे मला बाराव्या वर्षीच कळलं होतं. म्हणून तर शाळेतून धावत येऊन आधी ती खुर्ची धरायचे. तुला सांगितलं असतं तर तू शहाणा, लगेच दुरुस्त केली असतीस. जिंकल्याचा डांगोरा मी जन्मभर पिटला, पण मनातून लाजत होते रे. नव्या कॉम्प्युटरवर ह्यांच्याकडून हरले तेव्हा वाटलं, बघ, हीच तुझी खरी बोटं. त्याच तिरीमिरीत लॅबमध्ये सांगून आले.

आणि रविवारी तू पळणाऱ्या होडीत, मी साध्या होडीत, तरी सातपैकी पाच डाव माझे! तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास आणि मी सोफ्यावर बसून लहान मुलीसारखी रडत-हसत होते. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. लॅबमध्ये लगेच कळवलं, थांबवलेल्या कवळ्या पाठवा. काल चार आल्या, त्यातल्या दोन झाल्यासुद्धा.

लेक म्हणते, आता चिपमधली ती चूक काढून टाकू. मी तिला बजावलंय, हात लावायचा नाही. दादाला तिची गरज आहे.

वहिनीला नमस्कार सांग. माया करतोस तशीच करत राहा, आणि पुढच्या रविवारी हरायला ये.

तुझी धाकटी