दुसरीच्या नावाची चिठ्ठी

अण्णा, गेल्या महिन्यात मी तुमच्या शाळेत गेले होते. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि त्या गावात मी त्याच्याही आधीपासून पाऊल ठेवलं नव्हतं. गेले तीही काही तुमच्या आठवणीने नाही, एका कागदासाठी गेले. तुमची नात जर्मनीत असते. तिचं बाळंतपण जवळ आलंय आणि माझी शहाणीसुरती लेक फोनवर लहान पोरीसारखी म्हणते, "आई, तू ये ना गं, मला एकटीला भीती वाटते." मी जन्मात पासपोर्ट काढला नव्हता. नगरहून पुण्याला जायचं तरी मला दोन दिवस विचार करावा लागतो. पण या वेळी ठरवलं, काहीही होवो, जायचंच.

पासपोर्टच्या ऑफिसात खिडकीवरच्या बाईंनी माझी फाईल चाळली आणि मान हलवली. "आधारवर जन्मतारीख नोव्हेंबरातली हाय, आन् अर्जाला एक जून लावलीय. शाळा सोडल्याचा दाखला कुठंय?" मी मोबाईल पुढे केला. मूळ दाखला वाळवीने कधीच खाल्ला. त्याआधी लेकीने काढलेला फोटो तेवढा शिल्लक होता, अर्जातली तारीख त्यावरूनच भरलेली. "फोटो चालत न्हाई मॅडम. कागद लागतो. मूळ आन् वर झेरॉक्स. शाळेतून दुसरा काढून आना, आधारची तारीख त्याच्यापरमानं करून घ्या, मग या." मागे रांग होती. मी फाईल उचलली.

एक जून! अण्णा, शाळेत नाव घालताना ज्या पोराची तारीख ठाऊक नसे त्याला मास्तर लोक एक जून लावून मोकळे व्हायचे. निम्म्या तालुक्याचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. पण माझी तारीख ठाऊक होती की! आई हाकेवर होती, स्वयंपाकघरात. पाडव्याला झाले मी, दिवाळीच्या, हे तिने लगेच सांगितलं असतं. तुम्ही तिला विचारलंसुद्धा नाही. सातवीत असताना मी याचा जाब विचारला, तेव्हा चष्म्यावरून बघत म्हणालात, "तू हेडमास्तरची पोरगी. तुला कोन कागद मागनार हाय?" आणि परत खाली मान घालून लिहायला लागलात. लिहीत होतात ते दुसऱ्यांच्या पोरांचे कागद.

दसरा झाला की पाथर्डीकडची अर्धीअधिक माणसं ऊसतोडीला निघायची, पोरंही आईबापाबरोबर. त्या प्रत्येक पोरासाठी तुम्ही एक चिठ्ठी लिहायचात, कारखान्याजवळच्या शाळेच्या हेडमास्तरांना, की याला वर्गात बसू द्यावे. दुपारची वेळ आहे, तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात मांडी घालून बसला आहात. खताच्या गोणीतला प्लास्टिकचा कागद आईने धुऊन वाळवलाय. तुम्ही त्याचा तुकडा कापता, चिठ्ठी आत सारता, कडेला करवतीचं पातं धरून ज्योतीवरून फिरवता, की तोंड चिकटतं. पाण्यात पडली तरी चिठ्ठी भिजायची नाही. मेणबत्ती मी धरलीय. मेण बोटावर ओघळतंय आणि तुम्ही म्हणताय, "हलवू नको." दारात कुणाची तरी आई उभी आहे, तिला खोदून खोदून विचारताय, पोरगी झाली तेव्हा रानात काय होतं, बाजार होऊन किती दिवस झाले होते. मग पंचांग काढून रजिस्टरात घालायची तारीख बसवताय. मला ते बघवायचं नाही. गावात तुमची लेक म्हणून सगळे मला मान द्यायचे. मला मान नको होता, तसली एक पिशवी हवी होती.

तर गेल्या महिन्यात तुमच्या खुर्चीवर एक बाई बसलेली. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. मी कोण ते सांगितलं तशी उठली आणि वाकून पायाच पडली. "ताई, तुमी सरांची मुलगी! मी ऊसतोडीवाल्यांची पोर. सर नसते तर आज कोयताच हातात असता." दाखला गेल्याचं माझं प्रतिज्ञापत्र घेऊन तिने जुनं रजिस्टर स्वतः काढलं. तुमचं ते टपोरं अक्षर. माझ्या ओळीत एक जून. चार पानं पुढे तिची ओळ, तेवीस मार्च. "सरांनी माझ्या आईला तीनदा इचारलं हुतं, मग लिवली," ती कौतुकाने सांगत होती. "माझा पासपोर्ट एका फटक्यात आला, ताई. कुठं अडलंच न्हाई." मी हसले. अंगाचा नुसता तिळपापड होत होता. माझी तारीख दुरुस्त होईल का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मला रजिस्टरला हात लावता येत न्हाई. वर अर्ज करावा लागंल, लई महिने जातील." बाळ काही माझ्यासाठी थांबणार नव्हतं. म्हटलं, द्या तसाच.

दाखला लिहून झाल्यावर तिने कपाटातून एक पिशवी काढली. गोणीच्या प्लास्टिकची, पिवळी पडलेली, एका कडेने कापलेली. आत तुमची चिठ्ठी. तिकडच्या शाळेत दाखवून तिने ती परत आणलेली आणि इतकी वर्षं जपलेली. वर तिचं नाव, खाली लिहिलंय, "हुशार आहे. वर्गात बसू द्यावे. माझीच मुलगी समजावे." मी ते शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. अण्णा, माझ्याबद्दल असं तुम्ही कधी कुणाला लिहिलंत? माझ्या नावाची तुमच्या हातची एकच ओळ आहे, आणि तीही खोटी. मत्सर म्हणजे काय ते मला या वयात, त्या लाकडी बाकावर बसून नीट कळलं.

"घडीवर फाटत चाललीय," ती म्हणाली. "काय करावं समजंना."

मी म्हटलं, "द्या माझ्याकडे. मला दाखल्याच्या झेरॉक्स काढायच्याच आहेत, हिचं लॅमिनेशन करून आणते." सरांच्या मुलीवर तिने का विश्वास ठेवू नये? दिली. स्टँडजवळच्या दुकानात मी दाखल्याच्या चार झेरॉक्स काढल्या आणि चिठ्ठीची एक रंगीत. इतकी हुबेहूब आली की शाईचा डागही जागच्या जागी. लॅमिनेशन मी त्या झेरॉक्सचं करून घेतलं आणि तीच तिला नेऊन दिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "आता कायमची ऱ्हाईल." मूळ चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती.

आधारची तारीख बदलली, पासपोर्टही आला, एक जूनचा. पुढच्या आठवड्यात व्हिसाला जायचंय. चिठ्ठी परत करायला हवी, हे मला कळतं. पाकिटावर शाळेचा पत्ता लिहून ठेवलाय, पोस्टात टाकायला मात्र पाय निघत नाही. आणि हे पत्र टाकायचा तर प्रश्नच नाही, म्हणून सांगून टाकते. दुपारी घरात कुणी नसलं की मी ती चिठ्ठी काढते, तिच्या नावावर अंगठा ठेवते आणि उरलेलं वाचते.