टी-शर्टावरचं आबांचं नाव

चि. सौ. विमल हिस, नाशिकहून पुंजारामदादाचा सप्रेम जयभीम. तुझे गुडघे चालतात ना? (सासूबाईंचं तोंड चालतं, ते कळवणहून इथवर ऐकू येतं.)

पत्रास कारण तुझी भाची तेजल. यंदा बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीसाठी कॉलनीतल्या पोरांनी निळे टी-शर्ट छापलेत. छातीवर काय? गावात आपल्या आबांना लांबूनच ज्या नावाने हाक मारायचे, ते. आपल्या जातीचं जुनं नाव, वीतभर पांढऱ्या अक्षरांत! मी ओरडलो, की हा शब्द मागे टाकायलाच आबांनी गाव सोडलं. तर म्हणते, "पप्पा, लोकांच्या तोंडातून गेला का तो? नाही ना? मग निदान आमच्या मर्जीने तरी असू दे." (आपल्याला अशी उत्तरं दुसऱ्या दिवशी सुचायची, तीही मनातल्या मनात.)

तेवढ्यात घोटीचा माझा मित्र कारभारी आला. जन्माने पाटील, पण आमच्या घरच्या सुकटीवर माझ्याआधी त्याचा हक्क. टी-शर्ट बघून खूश. "मला बी दे की एक. मी काय परका हाय?" तेजलने शांतपणे विचारलं, "काका, तुम्हाला कधी कुणी या नावाने हाक मारली?" त्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "मला नाय. आमच्या ओट्यावरून मारायचे." आणि अर्धा चहा तसाच ठेवून गेला. मग फिरकलाच नाही, आणि मला काही करमेना.

दुपारी गच्चीवर पडलो होतो. धुतलेले टी-शर्ट तारेवर डुलत होते. तो शब्द वाऱ्याने फुगायचा, मिटायचा, पुन्हा फुगायचा. डोळा लागला की नाही कोण जाणे, पण आबा आले, एक टी-शर्ट काढून अंगात घातला आणि गावच्या चावडीसमोरून निघाले. सावकाश, ताठ, कुणापुढे वाकून जोहार न घालता. मी मागून हाक मारली, तर चक्क त्याच शब्दाने! आबा वळून हसले. "तुझ्या तोंडून बरं वाटतं रे." जागा झालो तर उशी ओली. (गच्चीवर उकडतं फार.)

तरीही मी या प्रकाराच्या साफ विरुद्ध आहे, हे ध्यानात ठेव.

तुझा दादा,
पुंजाराम

ता. क. : एक टी-शर्ट मी ठेवून घेतलाय. रविवारी तो घालून चावडीसमोरून एकदा चालावं म्हणतो. एकट्याचे पाय उचलायचे नाहीत, विमल. येशील? तुझ्या मापाचा इस्त्री करून ठेवलाय.

पुन्हा ता. क. : गाडी कारभारी आणतोय. हे पत्र टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात काल आला, उरलेला चहा मागून प्यायला. त्यानेही तसाच निळा टी-शर्ट घेतलाय. कोरा.